ली श्यांगलान कोण होती?

१९४६ साली शांघायमध्ये एका पंचविशीतल्या नटीच्या जिवाचा फैसला कुटुंबनोंदणीच्या एका कागदावर झाला. तिच्यावर आरोप होता देशद्रोहाचा: चिनी असून ती जपानच्या प्रचारपटांत गायली. यासाठी देहदंडही होऊ शकत होता. मग तिची बालमैत्रीण ल्यूबा धावून आली. या रशियन ज्यू मुलीच्या मदतीने बीजिंगमधल्या आईवडिलांकडचा नोंदणीचा उतारा बाहुलीत दडवून शांघायला पोचला. त्यावर नाव होतं योशिको यामागुची. जी मुळात चिनी नव्हतीच, तिने चीनशी द्रोह कसला केला? ती सुटली.

ही ल्यूबा तिच्या गाण्याच्या मुळाशीही आहे. योशिकोचा जन्म १९२०चा, मांचुरियातला. वडील दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या जपानी कर्मचाऱ्यांना चिनी शिकवत, त्यामुळे ती भाषा मुलीच्या जिभेवर लहानपणीच बसली. फुप्फुसाच्या दुखण्यानंतर ल्यूबाने तिला गायनशिक्षिका मादाम पोद्रेसोव यांच्याकडे नेलं. छाती बळकट व्हावी म्हणून सुरू झालेल्या या पाश्चात्त्य शास्त्रीय तालमीने तिला तो उंच, स्वच्छ सूर दिला. पुढे रेडिओला दोन्ही भाषा जाणणारी, नोटेशन वाचणारी मुलगी हवी होती. वडिलांचे मित्र, सेनानी ली जीचुन यांनी तिला मानसकन्या मानून ठेवलेलं 'ली श्यांगलान' हे नाव तेव्हा उपयोगी पडलं. १९३८मध्ये मांचुरियाच्या चित्रपटसंस्थेने तिला चिनी तारका म्हणून पडद्यावर आणलं. ती जपानी आहे, हे प्रेक्षकांना कुणी सांगितलं नाही.

जपानला ती वेडच लावून गेली. ११ फेब्रुवारी १९४१ला टोकियोच्या निचिगेकी नाट्यगृहाला गर्दीचे साडेसात वेढे पडले, असं आजही सांगतात. पण १९४०च्या 'शिना नो योरु' या चित्रपटाने चिनी मन दुखावलं. त्यात जपानी नायक तिने साकारलेल्या चिनी अनाथ मुलीला थोबाडीत मारतो आणि तिथूनच ती त्याच्यावर भाळते. आपल्या भूमीवर चालून आलेल्या सैन्याच्या काळात हे दृश्य चिनी माणसाने कसं सोसावं?

१९४३च्या 'वानशी लिउफांग' या चित्रपटाने तिला चीनमध्येही कीर्ती दिली. त्यानंतरच्या बीजिंगमधल्या पत्रकार परिषदेत एका तरुण बातमीदाराने नेमकं हेच विचारलं: चिनी असून 'शिना नो योरु'सारख्या चित्रपटांत काम का केलंस? तिने माफी मागितली. तेव्हा मी अजाण होते, म्हणाली. टाळ्या पडल्या. आपण जपानी आहोत हे मात्र ती बोलली नाही. खरं सांगण्याचा विचार तिच्या मनात होता, पण जाणत्यांनी तिला थोपवलं, असं तिने आत्मचरित्रात लिहिलं आहे. नाव वडीलधाऱ्यांनी दिलं आणि संस्थेने विकलं, हे खरंच. पण त्या दिवशीचं मौन तिचं स्वतःचं होतं, आणि तिनेही ते पुढे झाकून ठेवलं नाही.

सुटकेनंतर शांघाय सोडताना जहाजावर रेडिओचे सूर आले. तिचंच 'येलायश्यांग' लागलं होतं: रात्री दरवळणाऱ्या फुलाचं गाणं, ली जिनग्वांग यांच्या चालीचं. पुढे तैवानच्या तेरेसा तेंगने ते नव्या पिढीच्या ओठांवर नेलं.

जपानमध्ये १९५०ला कुरोसावाच्या 'स्कँडल'मध्ये ती तोशिरो मिफुनेसमोर उभी राहिली. हॉलिवुडने तिला 'शर्ली' केलं. सॅम्युएल फुलरचा 'हाउस ऑफ बांबू' १९५५चा. शिल्पकार इसामू नोगुची यांच्याशी झालेला संसार काही वर्षांतच मोडला. १९५८मध्ये मुत्सद्दी हिरोशी ओताका यांच्याशी लग्न करून तिने पडदा सोडला. नंतर दूरचित्रवाणीची निवेदिका म्हणून ती व्हिएतनाम आणि पॅलेस्टाइनपर्यंत पोचली, आणि १९७४पासून १८ वर्षं योशिको ओताका या नावाने संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसली.

जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांसाठी १९९५मध्ये 'एशियन विमेन्स फंड' स्थापन झाला. त्याच्या उपाध्यक्षपदाची जबाबदारी तिने घेतली. त्याआधी, १९८७मध्ये, आत्मचरित्र आलं होतं. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून 'योशिको यामागुची' छापलं होतं आणि शीर्षकात होतं 'री कोरान', म्हणजे ली श्यांगलान या नावाचा जपानी उच्चार.