कुलपातली कादंबरी



लेकीच्या दप्तरात नारायण धारपांची कादंबरी सापडली, ती मी कपाटात कुलूप लावून ठेवली. परीक्षा तोंडावर, आणि हे भुताखेतांचे! दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने अभ्यासाला लावलेले इंग्रजी पुस्तक पुढे ठेवले, ‘फ्रँकेन्स्टाइन’. "आई, हे चालते ना तुला?"

मी हट्टाने वाचले. मेरी शेली या बाईने ते १८१६ साली, वयाच्या १८ व्या वर्षी लिहायला घेतले. आदल्याच वर्षी तिची पहिली मुलगी जन्मून थोड्याच दिवसांत गेली होती. १८१८ च्या पहिल्या आवृत्तीवर तिचे नावही नव्हते. (यात आपल्याला नवल ते काय!) पुस्तकात भूत नाहीच. एक विद्वान जीव घडवतो, त्याने डोळे उघडताच किळस येऊन पळतो; त्याला साधे नावसुद्धा ठेवीत नाही. प्रेतांची वर्णने मी चहा पीत वाचली, ते पळणे मात्र वाचवेना. दोन दिवस पोरीकडे पाठ मीही फिरवलीच होती की!

कुलूप काढले. धारपांची कादंबरी हल्ली माझ्याच उशाशी असते, आणि रात्री पाणी प्यायला उठायचे तर लेकीला हाक मारावी लागते.