पट्टा मिळाला, पण जंगल कोण राखणार?

(म्हसावद येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी बारावी शिकलेली पोरगी, वकील नाही. पण वनहक्काचा कायदा मी वाचला आहे. त्यातली अर्धीच गोष्ट आपण गावागावात सांगतो, म्हणून आज बोलते.

2006 च्या कायद्याने आपण कसतो त्या जंगलजमिनीवर आपला हक्क मानला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा पाहिजे, आणि जास्तीत जास्त 4 हेक्टर. त्यासाठी आपण दावे भरले, मोर्चे काढले. ते बरोबरच केलं. पण त्याच कायद्यात गावाचं सगळं जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याचा कारभार करायचा हक्कही आहे. तो एकट्याचा नाही, ग्रामसभेचा आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने 2009 साली तो मिळवला. सुमारे 1,800 हेक्टर जंगल आज ते गाव सांभाळतं.

आपण म्हणतो, आमच्या गावात आमचं राज. राज म्हणजे नाही म्हणायची ताकद. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभा 2013 साली कंपनीच्या खाणीला नाही म्हणाल्या, आणि खाण थांबली. पण कंपनीला नाही म्हणणं एक, आणि आपल्याच माणसाला नाही म्हणणं दुसरं. ते जड जातं.

माझ्या काकाने गेल्या उन्हाळ्यात नवा प्लॉट काढायला झाडं पाडली. मला माहीत होतं. मी गप्प बसले. घरातलं माणूस, काय बोलायचं? माझी आजी सांगते, आमच्या नाल्याला होळीपर्यंत पाणी असायचं. आता दिवाळीनंतर तो आटतो. सागवान आधी ठेकेदारांनी नेलं, हे खरंच आहे. पण उरलेलं आपणच तोडलं तर कुणाला विचारायचं? डोंगर उघडा पडला की माती वाहून जाते, मग पट्ट्याच्या कागदावर काय पिकणार?

1972 साली शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि साथींनी गेलेल्या जमिनी परत मागितल्या. त्याच चळवळीतल्या बाया गावोगाव फिरल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. सावकाराशी लढल्या, आणि आपल्या नवऱ्यांशीही लढल्या. म्हणून त्यांचा दरारा होता.

तर पुढच्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या. एक, सामूहिक वनहक्काचा दावा भरायचा. दोन, आजपासून नवीन तोड बंद. जो तोडेल त्याला ग्रामसभा दंड करेल, मग तो कार्यकर्त्याचा काका का असेना. तीन, मोहफुलं वेचताना झाडाखालचा पाला जाळायचा नाही, झाडून घ्यायचा. ती आग डोंगरभर जाते.

काकाच्या घरी मी उद्या जाते. तुम्ही कुणाकडे जाणार, ते ज्याने त्याने ठरवा.

जिंदाबाद!