बीट म्हणजे नुसते मारणे नव्हे

सौदी अरेबियात जेद्दामधल्या मराठी मुलाला डॉक्टर इजिप्तचा भेटतो, नर्स फिलिपिन्सची, शिक्षक केरळचे. सगळ्यांना जोडणारी भाषा इंग्रजी, आणि ती बहुतेकांनी शिकून घेतलेली. तिथे मूल सांगते, ‘आईने मला बीट केले.’ त्याच्या मनात असतो पाठीवर बसलेला एक धपाटा. इंग्रजीत मात्र त्याने बेदम चोप मिळाल्याचे सांगितलेले असते. बीट या क्रियापदात आघात पुन्हा पुन्हा होतो. हृदय बीट करते, पक्षी पंख बीट करतात, अंडी फेसणे म्हणजेही बीट करणे. एकाच फटक्याला हिट म्हणतात, तळहाताने गालावर मारली तर स्लॅप. गोंधळाचे मूळ आपल्या ‘मारणे’च्या ऐसपैसपणात आहे. आपण माशी मारतो, हाक मारतो, मिठीसुद्धा मारतो. मग ‘बीट म्हणजे मारणे’ एवढेच पाठ केले की फसगत ठरलेली. खरे तर मराठीला हा फरक चांगला कळतो. टपली, चापट, धपाटा आणि चोप यांत आपली कधी गल्लत होत नाही. ढोल आपण बडवतो, आणि ‘बडवणे’ हीच बीटची खरी जोडी.

कोणी म्हणेल, भारतीय इंग्रजीत कुठल्याही माराला बीटच म्हणतात, त्यात चूक काय? पुण्यात किंवा नागपुरात आपसांत बोलताना काहीच नाही, कारण ऐकणाराही तेच इंग्रजी बोलतो. जेद्दामध्ये तशी खात्री नसते. सौदी अरेबियाने 2013 साली अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा केला. असा प्रकार कळला तर त्याची माहिती देणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. तिथे डॉक्टरने लिहून घेतलेल्या एका क्रियापदालाही वजन येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा शब्दचिकित्सेने मारहाण झाकली जाईल. मला उलट वाटते. प्रत्येक चापटीला बीट म्हणायची सवय पडली, तर खरोखर बडवले गेलेले मूल तोच शब्द उच्चारते तेव्हा त्याकडे कोण लक्ष देणार? चापटही समर्थनीय नाहीच. पण जे घडले ते नेमके सांगता येणे हा मुलाचा हक्क आहे. म्हणून जेद्दामधल्या पालकांना माझी विनंती आहे: मुलांना बीट, हिट आणि स्लॅप वेगवेगळे शिकवा, आणि ते आधी मराठीतून समजावून सांगा.