झाकावे, पण पुसू नये

(हातोद येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस यांची संकुले उभी राहिली, आणि सॉफ्टवेअरचे काम हातोदपासून फार लांबचे राहिले नाही. या कामाचा मोठा हिस्सा नवे लिहिण्यात कमी आणि बिघडलेले शोधण्यात जास्त जातो. तो शोध बहुधा स्टॅक ट्रेसपासून सुरू होतो. प्रोग्रॅममधले एक फंक्शन दुसऱ्याला काम सांगते, दुसरे तिसऱ्याला. काम झाल्यावर परत कुठे यायचे याची नोंद यंत्र ठेवत जाते. मध्येच काही मोडले की हीच साखळी स्टॅक ट्रेस म्हणून छापली जाते: अमुक फाइल, अमुक ओळ, तिला बोलावणारी अमुक ओळ. ही साखळी किती दाखवावी, एवढाच आजचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की तिच्यातला गोंगाट कमी केलाच पाहिजे. पण ती काटछाट वाचणाऱ्याच्या पडद्यावर व्हावी, मूळ नोंदीत होऊ नये, आणि काय झाकले ते झाकणाऱ्याने सांगावे.

गोंगाट येतो कुठून ते आधी पाहू. आज कोणी सगळा प्रोग्रॅम स्वतः लिहीत नाही. जावामध्ये वेबसाइट उभी करायची तर खाली टॉमकॅट, त्यावर स्प्रिंग, डेटाबेसशी बोलायला हायबरनेट, असे थर रचले जातात. एका साध्या विनंतीला या सर्व थरांतून जावे लागते. त्यामुळे चूक झाली की शंभर-सव्वाशे ओळींचा ट्रेस सहज पडतो आणि त्यात आपल्या हाताने लिहिलेल्या ओळी चार-सहाच असतात. त्यात एक एरर दुसऱ्या एररच्या वेष्टनात गुंडाळलेली असते. जावाच्या ट्रेसमध्ये वरची ओळ सर्वांत बाहेरच्या वेष्टनाची असते, तर मूळ कारण पार खाली ‘कॉज्ड बाय’ या शब्दांमागे बसलेले असते. पायथनमध्ये क्रम उलटा, शेवटची घडामोड तळाला. दोन्ही भाषांत काम करणाऱ्याची नजर आधी नेमकी कुठे पडावी, हे कोणी सांगत नाही.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने २८ मार्च १९७९ ची पहाट आठवावी. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली आणि थंड ठेवणारे पाणी निघून जाऊ लागले. पहिल्या काही मिनिटांतच नियंत्रणकक्षात शंभरावर धोक्याच्या सूचना एकदम सुरू झाल्या. बिनमहत्त्वाच्या सूचना बाजूला सारण्याची सोय नव्हती, यावर चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाने बोट ठेवले. अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. अपघाताची कारणे अनेक होती. पण माणसापुढे सगळे एकाच वेळी आणि एकाच आवाजात मांडले म्हणजे त्याला माहिती दिली असे होत नाही, हे तिथे सिद्ध झाले.

मग सगळे कापून एकच ओळ ठेवावी काय? त्याचेही उत्तर घडून गेलेल्या घटनांत आहे. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांवर प्रमाणाबाहेर किरणांचा मारा केला. १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे पडद्यावर आले ते फक्त ‘मालफंक्शन ५४’. त्या आकड्याचा उलगडा चालकाच्या पुस्तिकेत नव्हता. अशा त्रोटक सूचना रोजच्याच झालेल्या असल्याने चालकाने एक कळ दाबून उपचार पुढे चालू केला. इतके टोकाचे नसले तरी त्याच जातीचे एक उदाहरण जावाच्या पोटातही आहे. एकच अंतर्गत एक्सेप्शन, म्हणजे एरर, पुन्हापुन्हा येऊ लागले की हॉटस्पॉट हे जावाचे इंजिन वेग राखण्यासाठी पुढच्या वेळी ट्रेस बनवतच नाही. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, नुसते एररचे नाव उरते. पहिला पूर्ण ट्रेस असलेली जुनी लॉगफाइल दरम्यान पुसली गेली असेल तर शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ही सवय बंद करण्याचे सेटिंग आहे, पण ते ठाऊक असावे लागते.

या दोन टोकांमधली वाट शोधायला लांब जायला नको. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. ती निवड नसती तर सामान्य अभ्यासक कागद बांधून ठेवलेल्या त्या रुमालांच्या ढिगाऱ्यापुढे हतबल झाला असता. पण निवडीबाहेरचे रुमाल कोणी जाळले नाहीत. ते पुण्याच्या दफ्तरातच राहिले, म्हणून पुढच्या संशोधकाला निवडीवर शंका घेऊन मुळाकडे जाता आले. चांगल्या साधनांनी हाच शिरस्ता पाळला आहे. जावा दोन वेष्टनांतल्या सामाईक ओळी पुन्हा छापत नाही, ‘आणखी तेवीस’ असा आकडा देते, आणि त्या ओळी वर आधीच आलेल्या असतात. पायथन ३.६ पासून स्वतःलाच बोलावत सुटलेल्या फंक्शनची तीच ओळ हजारदा छापली जात नाही. ती किती वेळा आली ते सांगितले जाते. वेबसाइट बांधण्याच्या रेल्स या साधनाने २००९ मध्ये २.३ या आवृत्तीत लायब्ररीच्या ओळी झाकणारी व्यवस्था आणली, ती बंदही करता येते. रस्ट ही भाषा तर थोडक्यातला ट्रेस देऊन खाली लिहिते की काही तपशील वगळला आहे, संपूर्ण हवा असल्यास अमुक सेटिंग बदला.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: दोष लायब्ररीतच असला तर? तसे क्वचित होते, पण होते. शिवाय सेटिंग चुकले तर स्प्रिंग सुरू होतानाच कोसळते आणि त्या ट्रेसमध्ये आपल्या ओळी जवळजवळ नसतातच. आंधळी गाळणी लावली तर पडदा रिकामा दिसेल. म्हणून दोन नियम हवेत. कारण सांगणारे वाक्य, ते कोणत्याही थरातले असो, कधीच झाकू नये. आणि गाळून काही उरत नसेल तर सगळे दाखवावे. दुसरा आक्षेप शिक्षकांचा: विद्यार्थ्याला आतले थर दिसलेच नाहीत तर तो शिकणार कसा? पण शंभर ओळींनी भांबावलेला विद्यार्थीही त्यातून काही शिकत नाही. घडी एकेक करून उघडता आली तर तो थरांची रचना क्रमाने समजून घेतो. तिसरा आक्षेप नवा आहे: आता यंत्रच लॉग वाचून उत्तर सुचवते, मग माणसासाठी हा खटाटोप कशाला? असंबद्ध मजकुराने यंत्राचीही दिशा चुकू शकते, आणि सुचवलेली दुरुस्ती बरोबर आहे की नाही हे ठरवणारा माणूस तोच ट्रेस वाचणार असतो.

राहता राहिला आपल्या हाताने केलेला गोंगाट, आणि माझ्या मते त्याचाच वाटा सर्वांत मोठा असतो. एरर पकडायची, लॉगमध्ये लिहायची आणि तशीच वर फेकायची, असे तीन थरांवर केले की एकच चूक तीन चुकांसारखी दिसते. यावर साधनाची वाट पाहायला नको. ज्या थराला एररचे काही करता येते त्यानेच ती नोंदवावी. बाकीच्यांनी तिला हात लावू नये, लावलाच तर कोणत्या ग्राहकाची कोणती मागणी चालू होती अशी भर घालावी. एकमेकांचे कोड तपासताना संघाने तीन प्रश्न विचारावेत: हा ट्रेस किती झाकतो ते सांगतो का, झाकलेले परत उघडता येते का, आणि मूळ कारण पहिल्या नजरेत दिसते का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर काटछाट हवी तेवढी करावी. एकाचेही नकारार्थी असेल तर तो लांबलचक ट्रेस तसाच राहू द्यावा. तो वाचायला वेळ लागेल, पण पुरावा हातचा जाणार नाही.