सोरायसिस : आजार आमचा, गैरसमज सगळ्यांचा

(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर पाणी, रस्ते, मराठी शाळा, यंत्रमाग कामगारांची मजुरी यांवर पुष्कळ बोलले गेले. कातडीच्या आजारावर कोणी बोललेले आम्हाला आठवत नाही. म्हणून अध्यक्षांकडे दहा मिनिटे मागून घेतली. आम्ही म्हणजे कोण? सोरायसिस असलेली, याच सभागृहात तुमच्या शेजारी बसणारी माणसे आणि त्यांच्या घरचे लोक. यातले बरेच जण उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येतात. त्याचे कारण आज सांगायचे आहे.

प्रथम आजार काय ते सांगतो. आपल्या कातडीच्या पेशी साधारण महिनाभरात तयार होऊन झडतात. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा चुकीने चेतवली जाते आणि हेच काम चार-पाच दिवसांत होऊ लागते. पेशींचे थर साचतात, लाल चट्टे उठतात, त्यांवर पांढरट पापुद्रे धरतात. कोपर, गुडघे, डोके, पाठ, नखे ही त्याची नेहमीची ठिकाणे. थोडा भाग आनुवंशिक असतो. घशाचा संसर्ग, मानसिक ताण, कातडीला झालेली जखम, बिडी आणि दारू यांनी तो उसळतो. तो जंतूंमुळे होत नाही. त्यामुळे हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने तो दुसऱ्याला होत नाही. एवढे एक वाक्य घरी घेऊन गेलात तरी आमचे आजचे काम झाले.

आता आमचा रोजचा अनुभव. आम्ही बँकेत कारकून आहोत. कॅश काउंटरवर बसलो की माणसाचे हात सगळ्यांना दिसतात. नोटा मोजताना समोरच्याची नजर नोटांवरून नखांवर जाते, आणि काही ग्राहक शेजारच्या रांगेत सरकतात. एकदा लिंबायतचे एक आजोबा सरळ म्हणाले, "भाऊ, हाई काय व्हयनं?" आम्ही सांगितले. ते म्हणाले, "बरं," आणि नोटा हातात घेतल्या. त्या एका प्रश्नाने जेवढे बरे वाटले तेवढे मलमानेही वाटले नव्हते. विचारा, आम्ही रागावत नाही. न विचारता सरकलेली खुर्ची मात्र लक्षात राहते.

सुरतकरांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नसावी. सप्टेंबर १९९४ मध्ये या शहरात प्लेग आला. लाखो लोक शहर सोडून गेले. उधना आणि सुरत स्टेशनवरून खान्देशाकडे जाणाऱ्या गाड्या भरून वाहत होत्या. पण सुरतेहून आलेला माणूस म्हटले की तेव्हा लोक चार हात दूर उभे राहत. अंगात ताप नसला तरी आपण संशयित होतो. तेव्हा भीतीला निदान कारण तरी होते, कारण फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो. सोरायसिसच्या भीतीला तेवढाही आधार नाही. जी वागणूक आपल्याला तेव्हा सलली, तीच आपण आपल्या माणसाला कशी द्यावी?

हा गैरसमज जुना आहे. युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत होत असे. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या हेब्रा या डॉक्टरांनी दोन्ही आजार स्पष्टपणे वेगळे केले. आपल्याकडे आजही चट्टा दिसला की कोणी "महारोग" पुटपुटतो. येथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. "आम्हाला कुष्ठरोग नाही, म्हणून आम्हाला जवळ करा," असे आमचे म्हणणे नाही. कुष्ठरोगही औषधाने पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर पसरत नाही. बाबा आमटे ज्या महाराष्ट्रात झाले तेथून आलेल्या माणसांनी कोणालाच दूर लोटू नये.

आता उपचाराविषयी, कारण फसवणूक येथेच होते. सोरायसिस कायमचा मुळापासून घालवणारे औषध अजून नाही. पण तो आटोक्यात ठेवता येतो आणि अनेकांची कातडी दीर्घकाळ स्वच्छ राहते. मलमे आहेत, विशिष्ट अतिनील किरणांचा उपचार आहे, गोळ्या आहेत, महागडी इंजेक्शने आहेत. "एकवीस दिवसांत गॅरंटी" सांगणाऱ्याच्या पुडीत स्टिरॉइड असू शकते. त्याने आधी झटकन बरे वाटते आणि बंद केले की आजार दुपटीने उसळतो. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने मलम आणू नका. मेथोट्रेक्सेट ही गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. घरात ही गोळी असेल तर पाकिटावर वार लिहून ठेवा. आणि सकाळी बोटांचे सांधे आखडत, सुजत असतील तर लगेच दाखवा. हा आजार सांध्यांतही उतरतो, आणि वाकडे झालेले बोट पुन्हा सरळ होत नाही.

शेवटी मंडळाने काय करावे ते सांगतो. मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर ठराव करून सर्व देशांना जनजागृती करण्याचे आवाहन केले. दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिन पाळला जातो. ठराव जिनिव्हात झाला, पण त्याचे काम पांडेसरा आणि डिंडोलीतच करावे लागेल. आमच्या चार मागण्या आहेत.

एक, जलतरण तलाव, व्यायामशाळा, केशकर्तनालय यांच्या पाट्यांवर "त्वचारोग्यांना प्रवेश नाही" असे जेथे असेल तेथे "संसर्गजन्य त्वचारोग" असे शब्द घालून घ्यावेत. दोन, किरणोपचार आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्महिने घ्यावा लागतो. बारा तासांच्या पाळीतला माग कामगार प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची मजुरी गमावतो आणि दोन महिन्यांत उपचार सोडतो. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ही सोय संध्याकाळीही मिळावी, असे निवेदन मंडळाने द्यावे. तीन, आयुष्मान कार्ड मुख्यतः भरती झाल्यावर चालते. आमचा आजार बहुतेक ओपीडीतच असतो. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, विचारा की ओपीडीच्या औषधांचे काय. चार, आपल्या वधू-वर मेळाव्यात सोरायसिस सांगितला की स्थळ मोडते आणि लपवला की पुढे घर मोडते. मेळाव्यात पंधरा मिनिटे एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला बोलवा. सांगायची हिंमत आमची मुले करतील. ऐकून घेण्याची तयारी तुम्ही ठेवा.

सहानुभूती नको. सभा संपल्यावर चहाला या आणि शेजारी बसा, एवढेच मागणे आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र! जय गुजरात!