कोट दोनदा जिंकावे लागले



देहूरोड आणि दापोडी या दोन लष्करी ठाण्यांच्या मध्ये आपली वस्ती आहे. जवान आपल्याला नेहमी दिसतात. त्यांच्या इतिहासातील एक सकाळ आज आपणांपुढे ठेवतो.

डिसेंबर १९४७ मध्ये जम्मू भागातील झांगर हे ठाणे आपल्या हातून गेले व जवळचे नौशेरा संकटात सापडले. तेथील ५० पॅरा ब्रिगेडची सूत्रे ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्याकडे आली. फाळणीच्या वेळी त्यांनी भारतीय सैन्यातच राहणे पसंत केले होते. त्यांच्या हाताखाली आपली मराठा पलटणही होती.

नौशेऱ्याच्या ईशान्येस सुमारे ९ किलोमीटरवर कोट हे उंचावरील गाव शत्रूच्या ताब्यात होते. ३१ जानेवारी १९४८ च्या रात्री उजवीकडून मराठा व डावीकडून पंजाब पलटण चालून गेली. सकाळी सातच्या सुमारास कोट हाती आले. परंतु घरांची झडती नीट झाली नव्हती. शत्रूचे लोक आतच राहिले होते. थोड्याच वेळात उलट हल्ला झाला आणि जिंकलेले कोट गेले!

उस्मानसाहेबांनी मात्र दोन कंपन्या राखून ठेवल्या होत्या. तोफा व विमानांच्या आधाराने त्या पुढे सरसावल्या आणि दहाच्या सुमारास कोट पुन्हा घेतले. ६ फेब्रुवारीस हजारो हल्लेखोर नौशेऱ्यावर तुटून पडले, तरी नौशेरा टिकले. मार्चमध्ये झांगरही परत मिळाले. तेथेच ३ जुलै १९४८ रोजी तोफगोळ्याने उस्मानसाहेबांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, धडा वरवर चाळून 'झाला' म्हणणे म्हणजे झडती न घेता पुढे जाणे होय. पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत राबणारे तुमचे वडील हे जाणतात. तपासणीत राहून गेलेली बारीक चूक अख्खा माल परत आणते.

आणि पालकहो, मुलगा दहावीत एकदा नापास झाला म्हणून त्याला लगेच वर्कशॉपात धाडू नका. मुलीला घरी बसवू नका. कोटही सकाळी सात ते दहाच्या दरम्यान एकदा हरलेच होते. पुरवणी परीक्षेची फी आणि थोडा धीर, एवढे घरात राखून ठेवा. त्याच तुमच्या दोन राखीव कंपन्या!