कमान की मेस?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळी चहाच्या वेळी बॅचच्या निधीवरून वाद रंगला, त्यावरच बोलतो. आपले दहा लाख जमले आहेत. बऱ्याच जणांना शाळेला नवी कमान हवी आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे.

नंदन निलेकणी १९७३ साली आयआयटी मुंबईत दाखल झाले. त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून २०२३ मध्ये त्यांनी संस्थेला ३१५ कोटी दिले. आधीचे ८५ धरून ४०० कोटी झाले. जून २०२५ मध्ये मुकेश अंबानींनी माटुंग्याच्या आयसीटीला, म्हणजे आपल्या वेळच्या यूडीसीटीला, १५१ कोटी जाहीर केले. प्रा. एम. एम. शर्मांना गुरुदक्षिणा म्हणून, आणि तेही बिनशर्त. मला हा शब्द महत्त्वाचा वाटतो. इमारतीसाठी दिलेला पैसा इमारतीतच राहतो. बिनशर्त पैसा प्रयोगशाळेला, शिष्यवृत्तीला, जिथे नड असेल तिथे जातो. याच आयसीटीचं एक केंद्र शेजारी जालन्यात आहे.

पण असे आकडे जिथे उद्योगपती शिकले तिथेच दिसतात. आपलं विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं. तिथून शिकलेले आपण बहुतेक मास्तर, कारकून, वकील, बँकेतले. अब्जाधीश कमी, पण माणसं भरपूर. देणगी मिळते म्हणून सरकारने हात आखडता घ्यावा, असंही नाही. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरणं सरकारचंच काम आहे आणि ते आपण मागत राहिलं पाहिजे.

मी एम.ए.ला होतो तेव्हा दोन महिन्यांची मेस थकली होती. गावी पाऊस नव्हता, घरून मनिऑर्डर येणार नव्हती. मी वळकटी बांधली होती. मेसवाले मामा म्हणाले, "तुझे भरलेत कोणीतरी. इथंच शिकून गेलेला माणूस आहे." नाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तेव्हा ते पैसे आले नसते, तर आज मी तुमच्यासमोर पेन्शनर प्राध्यापक म्हणून उभा नसतो.

म्हणून माझी सूचना अशी: दहा लाख मुदत ठेवीत ठेवू. सात टक्के धरले तरी वर्षाला सत्तर हजार व्याज येईल. मुद्दलाला हात लावायचा नाही. आपल्या शाळेतून विद्यापीठात गेलेल्या, घरची ओढाताण असलेल्या दोन मुलामुलींची मेस त्यातून भागेल. मुलं कोणती, ते शाळेतल्या सर-बाईंनी ठरवावं; आपण देणाऱ्यांनी त्यात पडू नये. दरवर्षी प्रत्येकाने थोडी भर टाकली, तर दोनाचे चार होतील.

कमान हवी असणाऱ्यांवर माझा राग नाही. जेवणानंतर हात वर करून ठरवू. मी मेसच्या बाजूने आहे, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.